ट्यूना आणि लिंबाचं पास्ता सॅलड डब्यात कोरडं, कडू आणि चिकट का होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २५० ग्रॅम पास्ता, पाण्यातल्या ट्यूनाचा एक डबा, दोन लिंबांचा रस (पाककृतीत एकच लिहिलं होतं), दोन्ही लिंबांची किसलेली साल, काकडी, टोमॅटो आणि थोडं ऑलिव्ह तेल घेऊन तुम्ही रात्री सॅलड केलं, फ्रिजमध्ये ठेवलं आणि सकाळी ऑफिसच्या डब्यात भरलं. दुपारी उघडलं तर पास्ता कडक आणि एकमेकांना चिकटलेला, तळाशी पाणी, चव कडवट, आणि झाकण काढताक्षणी माशाचा वास. मेयोनीज घालायचं नाही, हलकंच हवं, तर काय बदलायचं?

मेयोनीज न घालण्याचा निर्णय बरोबर आहे, तो बदलू नका. अडचण दोन ठिकाणी आहे. एक, पास्ता गार झाल्यावरही आत पाणी आणि तेल ओढत राहतो, त्यामुळे रात्री बेताचं वाटणारं ड्रेसिंग दुपारपर्यंत दिसेनासं होतं. दोन, पाककृतीतलं ‘एक लिंबू’ हे इटलीतलं मोठं पिवळं लिंबू असतं, आपलं कागदी लिंबू नव्हे. या दोन गोष्टी सांभाळल्या की बाकीचं बरंचसं आपोआप सुधारतं.

काही उत्तरं परिस्थितीप्रमाणे बदलतील, ती आधीच सांगते. करून तासाभरात खाणार असाल तर पास्ता वेगळा शिजवायचा, दुसऱ्या दिवशी खाणार असाल तर वेगळा. ट्यूनाचा डबा तेलातला की पाण्यातला, यावर ड्रेसिंगमधलं तेल आणि मीठ ठरतं. आणि ऑफिसात फ्रिज आहे की नाही, यावर हा पदार्थ डब्यात न्यावा की नाही हेच ठरतं. त्याबद्दल शेवटी लिहिते.

पास्तापासून सुरुवात करू. पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला पास्ता घ्या. इटलीत १९६७ च्या कायद्याने सुका पास्ता ड्युरम गव्हाचाच असला पाहिजे असं ठरवलं गेलं. आपल्याकडचा बन्सी गहू याच जातकुळीतला, आणि बन्सी रव्याचा उपमा कसा मोकळा होतो ते तुम्हाला माहीत असेलच. या गव्हातल्या प्रथिनांची जाळी घट्ट असते, ती स्टार्चला धरून ठेवते. मैद्याच्या स्वस्त पास्त्यात ही जाळी ढिली असते, म्हणून तो शिजताना पाण्यात पीठ सोडतो आणि गार झाला की लगदा होतो. आकार फुसिली, पेने, शंख किंवा फुलपाखरू असा घ्या. पिळाच्या आणि खोलगट आकारात ड्रेसिंग अडकून राहतं. स्पॅगेटी या कामाला नको, ती गार झाली की जुडी होते.

२५० ग्रॅम पास्त्याला अडीच लिटर पाणी आणि २५ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दीड सपाट मोठा चमचा. मीठ जास्त वाटेल, पण त्यातलं बरंचसं पाण्याबरोबर निघून जातं. गार पदार्थाला चव कमी लागते, आणि नंतर वरून घातलेलं मीठ पास्त्याच्या आत पोचत नाही.

आता वेळ. दाताला किंचित लागेल असा, ज्याला इटालियन लोक ‘अल देन्ते’ म्हणतात, तसा पास्ता गरम खायला उत्तम. पण गार सॅलडसाठी, त्यातही दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी, तो तसा काढला की फसतो. फ्रिजमध्ये ठेवलेला भात सकाळी जसा टणक आणि कोरडा लागतो, तेच इथे होतं. शिजताना स्टार्च पाणी पिऊन फुगलेला असतो. गार होताना त्याच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात, दाणा आवळतो. ही क्रिया फ्रिजच्या ४-५ अंशांना सगळ्यात जोरात चालते. म्हणून पाकिटावर १० मिनिटं लिहिली असतील तर लगेच खायच्या सॅलडसाठी १० मिनिटं आणि फ्रिजमध्ये जाणाऱ्या सॅलडसाठी ११ मिनिटं शिजवा. काढताना तो किंचित मऊ वाटला पाहिजे. एक पेने मधोमध तोडून बघा: आत पांढरा ठिपका दिसत असेल तर अजून झालेला नाही.

गरम खायचा पास्ता धुवायचा नाही, हा नियम खरा आहे, कारण त्याच्यावरच्या स्टार्चला सॉस चिकटतो. सॅलडला मात्र तोच स्टार्च गोंदासारखा नडतो. त्यामुळे चाळणीत ओतून गार पाण्याखाली १५-२० सेकंद हलवून घ्या. हे पाणी प्यायचं, म्हणजे फिल्टरचं किंवा उकळून गार केलेलं हवं. यानंतर पदार्थ पुन्हा शिजणार नाही, म्हणून थेट नळाखाली धरू नका. मग चाळणी दोन-चार वेळा झटका आणि पाच मिनिटं निथळू द्या. पेनेच्या नळीत आणि शंखाच्या पोटात पाणी साठून राहतं, तेच नंतर डब्याच्या तळाशी येतं. निथळला की परातीत पसरून एक मोठा चमचा तेल चोळा.

आता लिंबू. तुमचा कडवटपणा इथून आला आहे. युरोपातल्या पिवळ्या लिंबाचा रस साधारण ४५ मिली, म्हणजे तीन मोठे चमचे निघतो. कागदी लिंबू १० ते १५ मिली देतं. तुम्ही एकाच्या जागी दोन लिंबं घेतलीत, तेव्हा रस पुरेसा आलाच नाही, पण साल मात्र दोन लिंबांची पडली. आणि कागदी लिंबाची साल इतकी पातळ असते की किसणीचा एक जादा हात पडला तरी खालचा पांढरा भाग येतो. कडूपणा त्याच पांढऱ्या भागात आहे, आणि तो आंबट ड्रेसिंगमध्ये रात्रभर मुरून सगळीकडे पसरतो. त्यामुळे लिंबांची संख्या मोजू नका, रस चमच्याने मोजा. २५० ग्रॅम पास्त्याला तीन मोठे चमचे रस, म्हणजे तीन-चार कागदी लिंबं. साल मात्र फक्त अर्ध्या लिंबाची.

साल किसायची पद्धतही महत्त्वाची. लिंबू आधी कोमट पाण्यात चोळून धुवा, पुसा आणि कापण्यापूर्वी किसा, कापलेलं लिंबू किसणीवर दबतं. किसणीची सगळ्यात बारीक बाजू घ्या, एका जागी एकच हलका हात फिरवा आणि लिंबू वळवा. किसणीवर हिरवट-पिवळा ओलसर भुगा दिसला तर ठीक, फिकट कापसासारखं काही दिसलं तर थांबा. हा कीस लगेच तेलात टाका. सालीतला सुगंध तेलात विरघळतो, पाण्यात फारसा नाही. तेलात दहा मिनिटं राहिलेली अर्ध्या लिंबाची साल, वरून भुरभुरलेल्या दोन लिंबांच्या सालीपेक्षा जास्त दरवळते. बिया रसात पिळल्या जाणार नाहीत हेही बघा, त्याही कडू असतात.

घरात उपवासाचं, नुसतं मीठ-साखरेतलं मुरलेलं लिंबाचं लोणचं असेल तर साल किसायचीच गरज नाही. त्याची एक फोड घ्या, गर काढून टाका आणि उरलेली मऊ साल बारीक चिरून घाला. मुरताना तिचा कडूपणा गेलेला असतो. मोरोक्को-ट्युनिशियाकडे खारवलेलं लिंबू माशाबरोबर असंच वापरतात. फक्त मग वरचं मीठ हात राखून घाला.

माशाकडे वळू. दुकानात तीन-चार प्रकारचे डबे दिसतात: ऑलिव्ह तेलातले, सूर्यफूल तेलातले, मिठाच्या पाण्यातले आणि साध्या पाण्यातले. मासा मोठ्या तुकड्यांचा आहे की भुग्याचा, हेही पाकिटावर असतं. सॅलडला मोठे तुकडेच घ्या. भुगा पास्त्याच्या प्रत्येक कणाला चिकटतो आणि सगळ्या डब्याला एकच वास आणि एकच पोत येतो. १८५ ग्रॅमच्या डब्यात निथळलेला मासा साधारण १२० ते १३० ग्रॅमच असतो, म्हणून २५० ग्रॅम पास्त्याला एक डबा कमी पडतो. दोन घ्या. डब्यातला ट्यूना बहुतेक वेळा स्किपजॅक जातीचा असतो, कोकणात ज्याला आपण कुपा किंवा गेदर म्हणतो त्याच कुळातला. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर गळाने पकडलेला ट्यूना डबाबंद करण्याचं काम अनेक दशकं चालत आलं आहे, म्हणजे हा प्रकार आपल्याला अगदी परका नाही. स्किपजॅक लहान मासा असल्यामुळे त्यात पाराही मोठ्या ट्यूनांच्या मानाने कमी असतो, तरी गरोदर बाई किंवा लहान मूल खाणार असेल तर आठवड्यातून किती वेळा, हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

ऑलिव्ह तेलातला डबा असेल तर ते तेल फेकू नका, त्यात माशाची चव उतरलेली असते. त्यातले दोन चमचे ड्रेसिंगमध्ये घ्या आणि बाटलीतलं तेल तेवढं कमी करा. सूर्यफूल तेलातला किंवा पाण्यातला मासा मात्र चाळणीत दहा मिनिटं निथळवा. चमच्याने हलकं दाबा, पण लाडू वळल्यासारखा पिळू नका, पाण्यातला ट्यूना आधीच कोरडा असतो. मग त्यावर एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि एक मोठा चमचा तेल घालून दहा मिनिटं बाजूला ठेवा. माशाच्या वासाला कारणीभूत असणारी अमाइन नावाची द्रव्यं अल्कधर्मी असतात. आम्ल मिळालं की त्यांचे क्षार बनतात आणि ती हवेत उडत नाहीत. घरी सुरमई-बांगड्याला आधी लिंबू किंवा आगळ लावून ठेवतात, त्यामागचं कारण हेच. तुमच्या सॅलडमध्ये तेवढंच लिंबू पास्ता, काकडी, टोमॅटो सगळ्यांत वाटलं गेलं आणि माशाच्या वाट्याला फार थोडं आलं. म्हणून रस आधी माशाला द्या, उरलेला बाकीच्यांना.

ड्रेसिंगला तेल आणि आम्ल यांचं ३ ला १ हे प्रमाण पालेभाज्यांच्या सॅलडला ठीक. पास्त्याला ते मिळमिळीत लागतं, कारण स्टार्च आंबटपणा दाबून टाकतो. इथे ४ मोठे चमचे तेलाला ३ मोठे चमचे रस घ्या, माशाला लावलेला चमचा-चमचा आणि पास्त्याला चोळलेलं तेल त्यातच धरून. पाऊण छोटा चमचा मीठ, अर्धा छोटा चमचा भरड मिरी, चिमूटभर साखर. साखर गोडीसाठी नाही, कागदी लिंबाचा टोकदारपणा जरा बोथट करायला. तेल आणि रस एकजीव राहावेत म्हणून युरोपात दिजों मोहरी, म्हणजे मोहरीची तयार फ्रेंच पेस्ट, घालतात. ती नसेल तर एक छोटा चमचा मोहरीची पूड दोन चमचे पाण्यात नाकात जाईपर्यंत फेसा आणि मग लिंबू घाला. क्रम उलटा करू नका: रस आधी पडला तर मोहरीचा तिखटपणा उमलतच नाही. फेसलेल्या मोहरीचा चिकट अंश तेलाचे थेंब धरून ठेवतो. सगळं झाकणाच्या बाटलीत घालून अर्धा मिनिट जोरात हलवा. दाटसर, पिवळसर, साईसारखं दिसलं की झालं.

यातलं दोन तृतीयांश ड्रेसिंग पास्ता कोमट असतानाच लावा. पूर्ण गार पास्ता ते फार हळू ओढतो, लगेच नीट आत घेत नाही, आणि कढत पास्त्यावर लिंबाचा ताजा वास उडून जातो. हाताच्या पाठीला कोमट लागेल इतकाच हवा. उरलेलं एक तृतीयांश बाटलीत तसंच ठेवा, खाण्याआधी पाच मिनिटं घालायचं. सगळ्या उत्तरातला एकच बदल करणार असाल तर हा करा.

भाज्या पास्त्याच्या बरोबरीने दिसल्या पाहिजेत, सॅलड हलकं लागतं ते त्यांच्यामुळे. अडीचशे ग्रॅम कोरडा पास्ता शिजून साडेपाचशे-सहाशे ग्रॅम होतो, त्याला चारशे ग्रॅम भाज्या घ्या. काकडीच्या बियांचा गाभा चमच्याने खरवडून काढा, तुकड्यांना मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा आणि कोशिंबिरीला पिळतो तशी पिळा. टोमॅटोचा गर-बिया काढा आणि कडक भागच घ्या. या दोन्हींचं पाणीच तुमच्या डब्याच्या तळाशी होतं. फरसबीचे बोटभर तुकडे पास्त्याच्याच पाण्यात शेवटची चार मिनिटं टाकले तर वेगळं पातेलं लागत नाही. कांदा अगदी पातळ चिरून दहा मिनिटं चमचाभर लिंबाच्या रसात ठेवा, उग्रपणा जातो. हा रस तीन चमच्यांव्यतिरिक्त, आणि कांदा त्यातून पिळून घ्यायचा. फरसबी, कोथिंबीर, पुदिना अगदी शेवटी. आम्लात तासन्‌तास राहिल्या तर हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि त्या शेवाळी रंगाच्या होतात. चवीला बिघडत नाहीत, पण बघवत नाही.

थंडीत लिंबाच्या जोडीला संत्रं घालून बघा. सिसिलीत संत्र्याचं खारं सॅलड करतातच, आणि नागपुरी संत्र्याचा अंबिया बहार साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून बाजारात येतो. दोन संत्र्यांच्या फोडी पापुद्रा आणि बिया काढून घ्या, लिंबाचा रस एक चमच्याने कमी करा, थोडी जास्त मिरी घाला. पण संत्रं रात्री मिसळून ठेवू नका. संत्र्याच्या पापुद्र्यात आणि बियांत एक द्रव्य असतं जे आधी कडू नसतं. फळ चिरडलं गेलं की आम्लामुळे त्याचं हळूहळू लिमोनिनमध्ये रूपांतर होतं, आणि लिमोनिन चांगलंच कडू आहे. नागपुरी संत्र्याचा रस ठेवला की कडवट होतो, तो याचमुळे. मोसंबीचंही तेच. फोडी खाताना वरून टाका.

‘हलकं’ या शब्दाबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं. ऑलिव्ह तेलही तेलच आहे. साठ मिली तेलात जवळपास ४८० ते ४९० कॅलरी असतात, चौघांत वाटलं तर प्रत्येकी १२० च्या आसपास. मेयोनीजपेक्षा हे पोटाला आणि जिभेला हलकं लागतं, पण बाटली हात न आखडता ओतली तर फरक राहत नाही. तेलही चमच्याने मोजा. घाण्याचं शेंगदाणा तेल इथे नको, त्याची चव लिंबाला झाकून टाकते. ऑलिव्ह नसेल तर साधं सूर्यफूल चालेल.

आता तुमच्या डब्याचं वेळापत्रक. रात्री पास्ता शिजवून, धुऊन, नुसतं एक चमचा तेल लावून झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. मासा लिंबू-तेलात, वेगळ्या काचेच्या किंवा स्टीलच्या डबीत, पत्र्याच्या उघड्या डब्यात नाही. ड्रेसिंग बाटलीत. सकाळी पास्ता उकळत्या पाण्यात वीस सेकंद बुडवून काढा. आवळलेला स्टार्च उष्णतेने पुन्हा सैल होतो, आणि पास्ता रात्रीसारखा मऊ होतो. तो निथळून कोमट झाला की दोन तृतीयांश ड्रेसिंग लावा, पूर्ण गार झाल्यावर भाज्या आणि वर माशाचे तुकडे ठेवा, ढवळू नका. ऑलिव्ह तेल फ्रिजमध्ये गोठून पांढरे कण दिसतात, ते खराब झालेलं नसतं, पंधरा-वीस मिनिटांत विरघळतं. डबा स्टीलचा घ्या. प्लॅस्टिक वास धरून ठेवतं आणि ॲल्युमिनियमला लिंबू चालत नाही.

ऑफिसात फ्रिज असेल तर पोचल्यावर डबा लगेच त्यात ठेवा. नसेल तर बर्फाची थैली आणि जाड पिशवी लागेल, त्याशिवाय हा पदार्थ नेऊ नका. उघडलेला मासा बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे जवळपास सगळीकडे एकच तास धरा. लिंबू आहे म्हणून टिकेल असं समजू नका. आम्ल सगळीकडे सारखं पोचत नाही, आणि ट्यूनात उबेला जिवाणू वाढले की हिस्टमीन तयार होतं, जे नंतर गरम करूनही जात नाही. खाताना जिभेला मिरी लागल्यासारखी चुणचुण आली किंवा धातूसारखी चव आली तर घास थुंकून टाका, डबा रिकामा करा. टिन फुगलेला, शिवणीवर दबलेला किंवा उघडताना फवारा मारणारा असेल तर चाखूनही बघू नका, तसाच टाकून द्या. फ्रिजमध्ये तयार सॅलड दोन दिवसांत संपवा, पहिल्या दिवशीच ते खऱ्या चवीला असतं.

ट्यूना महाग वाटत असेल तर डब्यातली तारली किंवा बांगडा घेता येईल. तारलीचे काटे डबाबंद करताना इतके मऊ होतात की चावून खाता येतात, पण मासा तेलकट आणि वासाला तेज असतो. तिथे दोन १२५ ग्रॅमचे डबे पुरतात, माशाला लावायचा रस एकाऐवजी दोन चमचे करा आणि पुदिना सढळ हाताने घाला.